रुईचा धुरळा आणि आवळलेली छाती

दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची पहिली वेचणी हाती आली, की यवतमाळ जिल्ह्यातील जिनिंग कारखान्यांमधले रेचे पुन्हा धडधडू लागतात. दारव्हा तालुक्यातील बोरी अरब आणि आसपासच्या खेड्यांतला कापूस ट्रॅक्टर आणि मालमोटारींतून बाजाराकडे निघतो. कारखान्यांच्या आवारात कापसाच्या गंज्या लागतात, रेच्यातून सरकी खाली पडते, रुई पुढे सरकते आणि प्रेसमधून गाठी बांधून बाहेर येतात. शेतकऱ्याचे लक्ष भावाकडे असते, व्यापाऱ्याचे ओलाव्याकडे आणि सूतगिरणीचे धाग्याच्या लांबीकडे. या साऱ्या व्यवहारात एक वस्तू मात्र कोणी तोलत नाही. ती म्हणजे रेच्याभोवतीच्या हवेत तरंगणारा बारीक धुरळा. हंगामाचे चार-सहा महिने तो तेथे राबणाऱ्या स्त्री-पुरुष मजुरांच्या नाकातोंडावाटे फुप्फुसांत उतरत असतो.

या धुरळ्याने होणाऱ्या श्वसनविकाराला वैद्यकशास्त्रात 'बिसिनोसिस' असे नाव आहे. तलम लिननच्या वस्त्रासाठी असलेल्या प्राचीन ग्रीक शब्दावरून फ्रेंच वैद्य आद्रियाँ प्रूस्त यांनी १८७७ मध्ये ते वापरले. (पुढे जगप्रसिद्ध कादंबरीकार झालेले मार्सेल प्रूस्त हे त्यांचे चिरंजीव, आणि ते स्वतः जन्मभर दम्याने हैराण होते, हा एक विचित्र योगायोग.) आजार मात्र या नावापेक्षा बराच जुना आहे. इटलीतील मोदेना येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली व्यवसायजन्य रोगांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तंतू पिंजणाऱ्या कामगारांचा खोकला आणि धाप यांची नोंद आहे. रुग्णाला नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर वैद्याने 'तुम्ही काम काय करता?' हा आणखी एक प्रश्न विचारावा, असा त्यांचा आग्रह होता. तीनशे वर्षांनंतरही गर्दीने भरलेल्या आपल्या बाह्यरुग्ण विभागांत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

छाती का आवळते?

कापसाचे तंतू नाकात जाऊन अडकतात आणि त्यामुळे धाप लागते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. डोळ्यांना दिसणारे लांब तंतू बहुतांशी नाकात आणि घशातच अडकतात. खरा अपाय होतो तो त्यांच्यासोबत उडणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांमुळे. कापसाच्या बोंडाला खालून वेढणारी हिरवी पाने वाळली की ठिसूळ होतात. वेचणीच्या वेळी त्यांचा चुरा कापसात मिसळतो आणि रेच्यात त्याची पूड होते. या पानांवर विशिष्ट जातीचे जिवाणू वाढलेले असतात. जिवाणू मेले तरी त्यांच्या आवरणातील 'एंडोटॉक्सिन' नावाचे द्रव्य धुळीत शिल्लक राहते. परतीच्या पावसात भिजलेला किंवा ओला असतानाच गंजीत दडपलेला कापूस अशा जिवाणूंना आणि बुरशीला चांगलाच मानवतो.

हे द्रव्य श्वासनलिकेच्या अस्तरापर्यंत पोहोचले, की तेथील भक्षक पेशी संकट आल्याची वर्दी देतात. रक्तातील पांढऱ्या पेशी त्या जागी धावून येतात, दाह सुरू होतो, अस्तर सुजते, चिकट कफ पाझरू लागतो आणि नलिकेभोवतीचे स्नायू आकुंचन पावतात. नळी अरुंद झाली की आत घेतलेला श्वास बाहेर सोडणे जड जाते. छातीभोवती कोणी दोर आवळला आहे, असे रुग्ण सांगतात. एखाद्या पदार्थाचे वावडे असणाऱ्यालाच हा त्रास होतो असे नाही. धूळ पुरेशी असेल, तर धडधाकट माणसाच्या श्वासनलिकेचीही हीच गत होते. नेहमीचा दमा आणि बिसिनोसिस यांत तज्ज्ञ जो फरक करतात त्यातला मुख्य मुद्दा हाच आहे. बिसिनोसिसला ते 'दम्यासारखा विकार' म्हणतात. मात्र वर्षानुवर्षे धूळ घेत राहिल्यास दोन्हींचा शेवट सारखाच होऊ शकतो. श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात आणि काम सोडले तरी धाप सुटत नाही.

सोमवारची खूण

या आजाराची एक खूण मोठी चमत्कारिक आहे. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर परतलेल्या कामगाराची छाती पहिल्याच दिवशी आवळते आणि पुढच्या दिवसांत त्रास कमी होत जातो. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांत या 'सोमवारच्या छाती'चा बारकाईने अभ्यास झाला. १९५० च्या दशकात डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी तिच्यावरूनच आजाराच्या पायऱ्या ठरविल्या. सोमवारी कधीमधी होणारा त्रास ही पहिली पायरी. मग दर सोमवारी, त्यानंतर सोमवारखेरीज इतर दिवशीही, आणि अखेरीस कायमची घटलेली श्वसनक्षमता.

यात कामगाराची फसगत होते ती अशी. मंगळवार-बुधवारी बरे वाटू लागले, की धूळ अंगवळणी पडली, असे तो समजतो. मुकादमही तेच सांगतो. प्रत्यक्षात श्वासनलिकांतील दाह आत चालूच असतो.

जिनिंगमध्ये तर ही खूण आणखी अंधुक होते. हंगाम भरात असताना गंज्या साचलेल्या असतात आणि काम पाळ्यांमध्ये सलग चालते. ठरलेली साप्ताहिक सुटी मिळालीच नाही, तर सुटीनंतरचा पहिला दिवसही येत नाही. मग त्याची जागा हंगामाच्या पहिल्या दिवसांनी घेतली जाते. कामावर रुजू झाल्यावर काही तासांनी अंग मोडून येणे, कणकण, कोरडा खोकला अशी लक्षणे दिसतात आणि दोन-चार दिवसांत ओसरतात. गिरण्यांच्या भाषेत याला 'मिल फीव्हर' म्हणतात. थंडीची चाहूल आणि जिनिंगचा प्रारंभ एकाच वेळी होत असल्याने हा ताप हवापालटाच्या खात्यावर जमा होतो. चैत्र-वैशाखात कारखाना बंद पडला की खोकला निवळतो आणि विषय पुढच्या दसऱ्यापर्यंत मिटतो.

मुंबईच्या गिरण्यांतून

यवतमाळच्या कापसाचा प्रवास पूर्वीपासून मुंबईच्या दिशेने होत आला आहे. दारव्ह्यावरून मूर्तिजापूरकडे जाणारी 'शकुंतला' ही नॅरोगेज रेल्वे ब्रिटिश भांडवलदारांनी घातली ती मुख्यतः या भागातला कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठीच. कापूस गेला तेथे त्याची धूळही गेली. मुंबईच्या गिरण्यांतील ब्लो रूम आणि कार्डिंग या खात्यांत कापूस फोडला, झोडपला आणि पिंजला जात असे, आणि सर्वांत जास्त धुरळाही याच खात्यांत असे. गिरणगावात खोकणारा कामगार नवा नव्हता. पण त्याच्या खोकल्याची शास्त्रीय मोजदाद बरीच उशिरा झाली. परळच्या केईएम रुग्णालयातील श्वसनविकारतज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांमधील बिसिनोसिसचा अभ्यास केला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनेही वस्त्रोद्योगातील कामगारांच्या तपासण्या केल्या. भारतात हा आजार नाहीच, हा समज त्यामुळे मोडीत निघाला.

पुढे जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला संप आणि त्यानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्या यांत कामगारांच्या फुप्फुसांचा प्रश्न मागे पडला तो पडलाच. कापूस पिंजण्याचे काम मात्र थांबले नाही. ते लहान शहरांतल्या सूतगिरण्यांकडे गेले, आणि जिनिंग तर आधीपासून कापसाच्या मुलखातच होते. विकार ओळखणारे तज्ज्ञ महानगरात राहिले आणि धूळ तालुक्याच्या गावी राहिली.

परदेशांतही जिनिंगच्या वाट्याला उपेक्षाच आली आहे. अमेरिकेने १९७८ मध्ये कापसाच्या धुळीवर कडक मर्यादा घातली. सूत कातण्याच्या खात्यांसाठी ती आठ तासांच्या सरासरीने एका घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम अशी आहे. गिरणीमालक न्यायालयात गेले. १९८१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या आरोग्याच्या बाजूने निकाल देत नियम कायम ठेवला. कापसाची वेचणी आणि जिनिंग ही दोन कामे मात्र त्या नियमाच्या कक्षेबाहेर आहेत.

केवळ कापूसच नव्हे

शहरी वाचकाला जिनिंगचा कारखाना दूरचा वाटेल, पण कामाच्या जागी जडणारा दमा दूरचा नाही. प्रौढ वयात होणाऱ्या दम्याच्या दर सहा-सात रुग्णांपैकी सुमारे एकाचा आजार कामाशी निगडित असतो, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. बेकरीतील मैद्याची धूळ, मोटारींना फवाऱ्याने दिल्या जाणाऱ्या रंगातील आयसोसायनेट, केशकर्तनालयात केस फिके करण्यासाठी वापरली जाणारी पावडर, सोल्डरिंग करताना राळेतून निघणारा धूर, लाकडाचा भुसा, रुग्णालयातील लॅटेक्सचे हातमोजे, औषध कारखान्यात कुटला जाणारा इसबगोल अशी ही यादी लांबत जाते. आजवर काही शे पदार्थ त्यात नोंदले गेले आहेत.

यातील बहुतेक पदार्थांची रीत कापसाच्या धुळीपेक्षा वेगळी असते. ते शरीराला आधी 'शिकवतात'. काही महिने, कधी काही वर्षे काहीच होत नाही. त्या काळात प्रतिकारसंस्था त्या पदार्थाला शत्रू म्हणून ओळखू लागते, आणि मग एके दिवशी अगदी अल्प प्रमाणानेही श्वास कोंडतो. 'इतकी वर्षे हेच काम करतो आहे, आताच त्रास कसा होईल?' हा रुग्णाचा सवाल म्हणूनच फसवा आहे. दुसरा प्रकार याच्या उलट असतो. क्लोरीन किंवा अमोनियासारखा दाहक वायू एकदाच, पण मोठ्या प्रमाणात छातीत गेला, तर चोवीस तासांच्या आत दम्यासारखी लक्षणे सुरू होऊन महिनोन्महिने टिकू शकतात. पूर्वीपासून दमा असलेल्याचा आजार धुळीने किंवा धुराने बळावणे, हा तिसरा आणि बराच आढळणारा प्रकार.

दारव्हा परिसरात कापसाच्या जोडीला सोयाबीन आले, तेव्हा धुळीचाही एक नवा प्रकार आला. सोयाबीनच्या धुळीचा सर्वांत गाजलेला धडा स्पेनमधील बार्सिलोना शहराचा आहे. १९८० च्या दशकात त्या शहरात ठरावीक दिवशी अचानक दम्याच्या रुग्णांची रुग्णालयांत रीघ लागे. काही जण दगावलेही. बऱ्याच शोधानंतर उलगडा झाला, की बंदरात जहाजांतून सोयाबीन उतरविले जाई त्याच दिवशी हा प्रकार घडे. धान्य साठविण्याच्या कोठारावर धूळ रोखणारी गाळणी नव्हती आणि दाण्याच्या टरफलातील प्रथिने वाऱ्यावर शहरभर पसरत होती. गाळणी बसविल्यानंतर या साथी थांबल्या. मळणी यंत्राच्या तोंडाशी तासन्‌तास उभे राहणाऱ्या मजुराला तर या धुळीसाठी वाऱ्याचीही वाट पाहावी लागत नाही.

यवतमाळ जिल्ह्याचे नाव मात्र देशभर झाले ते फवारणीमुळे. २०१७ च्या खरिपात कपाशीवर कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेत जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा मृत्यू झाला, तर शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. त्या वेळी चर्चा झाली ती प्रामुख्याने डोळे, मेंदू आणि मृत्यूची. परंतु ऑर्गेनोफॉस्फेट वर्गातील औषधांचा एक घाव थेट श्वासनलिकेवर बसतो. मज्जातंतूंचा निरोप पोहोचविणारे रसायन वेळेवर नष्ट होणे ती थांबवितात, त्यामुळे श्वासनलिकेचे स्नायू आवळलेलेच राहतात आणि स्राव वाहू लागतो. जीव वाचलेल्या माणसांच्या श्वसनाचे पुढे काय होते, याचा पाठपुरावाही तितकाच गरजेचा असतो. अमेरिकेतील आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत कीटकनाशके वापरणाऱ्यांच्या दीर्घ पाहणीत काही औषधांचा वापर आणि छातीतील घरघर यांचा संबंध दिसून आला आहे.

'हंगामी' या एका शब्दाने

कायदा या आजाराला ओळखत नाही असे नव्हे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात बिसिनोसिसचा समावेश होता. असा रुग्ण आढळल्यास त्याची खबर सरकारी यंत्रणेला देणे डॉक्टरवर बंधनकारक होते. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातही कापूस, फ्लॅक्स, हेम्प आणि सिसल यांच्या धुळीने होणारे श्वसनविकार, तसेच व्यवसायजन्य दमा, यांची नोंद होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू होऊन हे जुने कायदे त्यांत विलीन झाले, तरी रोगांच्या याद्या नव्या संहितांच्या परिशिष्टांत कायम आहेत.

मेख आहे ती विम्यात. कर्मचारी राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली तेव्हा 'हंगामी कारखाने' तिच्यातून वगळण्यात आले. हंगामी कारखाना कोणता, याच्या व्याख्येत आरंभीच ज्यांची नावे आहेत ते उद्योग म्हणजे कापसाचे जिनिंग आणि कापसाचे वा तागाचे प्रेसिंग. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही व्याख्या आणि ही सूट तशीच उतरली आहे. म्हणजे सूतगिरणीत कार्डिंगवर काम करणाऱ्याला विम्याचे रुग्णालय, आजारपणाची रजा आणि अपंगत्वाचा लाभ मिळू शकतो. तोच कापूस त्याच्या आधी रेच्यात घालणाऱ्याला, केवळ जिनिंगच करणाऱ्या कारखान्यात, तो मिळत नाही. धूळ हंगामी असली तरी फुप्फुसांची हानी हंगामी नसते, हा साधा विचार दोन्ही वेळच्या कायदेकर्त्यांना सुचू नये याचे नवल वाटते.

मालकाकडून थेट भरपाई मागण्याचा मार्ग उरतो. पण त्यासाठी कोणत्या कारखान्यात किती वर्षे काम केले याचा पुरावा लागतो. मुकादमामार्फत आलेल्या आणि हंगामागणिक कारखाना बदलणाऱ्या मजुराचे नाव हजेरीपटावर सापडेलच, याची खात्री कोण देणार?

धूळ कमी करता येत नाही असे नाही. केंद्र सरकारने २००० मध्ये सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळाले. सिमेंटचे फरसबंद आवार, कापूस वाहून नेणारी बंदिस्त यंत्रणा, रेच्यापूर्वी कचरा काढणारी यंत्रे अशा सुधारणा त्यातून झाल्या. हेतू होता रुईतील कचरा घटवून भाव वाढविण्याचा. मजुराच्या छातीला झालेला लाभ हा त्यासोबत आलेला. डोक्यावरून आणि हातांनी कापूस टाकण्याची पद्धत जेथे बंद झाली तेथे मजुराचा धुरळ्याशी येणारा संबंध घटतो. धूळ उगमाशीच ओढून घेणारे पंखे आणि झाडूऐवजी शोषयंत्राने सफाई हे त्यापुढचे उपाय. तोंडाला बांधलेला दुपट्टा लांब तंतू अडवितो, बारीक कण नाही. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ दर्जाचा मुखवटा लागतो, आणि उकाड्यात तो पाळीभर लावून ठेवणे सोपे नाही, हेही मान्य करावे लागेल.

निदानाची वाट

खोकला, कफ आणि धाप घेऊन आलेल्या मजुराची पहिली तपासणी क्षयरोगासाठी होते, आणि ती व्हायलाच हवी. घोटाळा होतो तो त्यानंतर. थुंकीत जंतू सापडत नाहीत, क्ष-किरण चित्र स्वच्छ दिसते, आणि खोकल्याचे औषध देऊन रुग्णाला परत पाठविले जाते. बिसिनोसिस काय किंवा व्यवसायजन्य दमा काय, प्रारंभीच्या काळात क्ष-किरण चित्रात सहसा काहीच दाखवीत नाही. बिडी ओढणाऱ्याच्या बाबतीत सारा दोष बिडीवर जातो. बिडीने हानी वाढते हे खरे, पण चुलीच्या धुराखेरीज दुसरा धूर ठाऊक नसलेल्या बाया त्याच रेच्यापाशी खोकत असतील, तर त्यांच्याबाबत हे स्पष्टीकरण पुरत नाही.

उपयोगी पडते ती स्पायरोमेट्री, म्हणजे जोराने फुंकर मारून श्वसनक्षमता मोजणारी चाचणी. पाळी सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यानंतर अशी दोनदा ती केली तर कामाचा परिणाम आकड्यांत उतरतो. याहून स्वस्त साधन म्हणजे पीक फ्लो मीटर. काही शे रुपयांच्या या नळीत दिवसातून चार वेळा फुंकर मारून आकडा वहीत लिहायचा, कामाचे दिवस आणि सुटीचे दिवस मिळून किमान दोन आठवडे. कामाच्या दिवशी आकडे घसरत आणि सुटीत वर येत असतील, तर संशय पक्का होतो. डॉक्टरांकडे जाताना रुग्णाने तीन गोष्टी सांगाव्यात असे तज्ज्ञ सुचवितात. त्रास कामाला लागल्यापासून सुरू झाला का, सुटीत वा हंगामानंतर तो कमी होतो का, आणि सोबत काम करणाऱ्या इतरांनाही तो आहे का.

श्वासनलिका रुंद करणारे आणि दाह कमी करणारे, अशी दोन्ही प्रकारची श्वासावाटे घ्यायची औषधे आराम देतात. पंपाची सवय लागते ही भीती निराधार आहे. मात्र धुळीत उभे राहून घेतलेला पंप अर्धेच काम करतो. लक्षणे सुरू झाल्यावर जितक्या लवकर त्या पदार्थापासून दूर जाता येईल, तितकी फुप्फुसे पूर्ववत होण्याची शक्यता अधिक असते. विलंब वर्षांवर गेला की ती झपाट्याने घटते. ज्याच्या घरी हंगामाच्या मजुरीवर वर्षाचा किराणा भरला जातो, त्याला काम सोडण्याचा सल्ला देणे डॉक्टरलाही जड जाते. रेच्यापासून काढून गाठी मोजण्याच्या, वजनकाट्याच्या किंवा आवारातील मोकळ्या हवेतल्या कामावर त्याची बदली करणे, हा मधला मार्ग कारखान्याच्या हाती असतो. त्यासाठी छाती आवळण्याचे कारण आधी कागदावर यावे लागते.